सरकारला सॉफ्टवेअर विकताना घ्यावयाची काळजी

गेल्या आठवड्यात एका सरकारी खात्याच्या पोर्टलवरील माझी जन्मतारीख दुरुस्त करून घेण्याचा योग आला. जुन्या कागदपत्रांत ती बरोबर होती. नव्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती हलवताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. खिडकीवरच्या बाईंनी मॉनिटर माझ्याकडे वळवून दाखवला. तारखेची चौकट राखाडी होती आणि तिच्यात त्यांनाही काही टाइप करता येत नव्हते. “ते कंपनीकडून व्हायला पाहिजे,” असे त्या म्हणाल्या. कंपनीच्या हेल्पडेस्कने माझ्या तक्रारीपुढे हिरव्या अक्षरांत “निराकरण झाले” असे लिहिले, माहितीच्या अचूकतेची जबाबदारी खात्याची असल्याचे कळवले आणि सेवेला किती तारे द्याल, असे विचारले. जबाबदारी कोठेच राहू नये यासाठी केलेली इतकी निर्दोष रचना पाहून, या व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्या होतकरू कंपन्यांना चार शब्द सांगावेत असे वाटले.

सर्वप्रथम आपले गिऱ्हाईक कोण हे ओळखावे. सॉफ्टवेअरपुढे हतबल होऊन बसणारा नागरिक हे आपले गिऱ्हाईक नव्हे. बिल मंजूर करणारा अधिकारी हे आपले गिऱ्हाईक. बाजारात वाईट माल विकणाऱ्याला लोक दुसरीकडे जातील अशी धास्ती असते. तुम्हाला ती बाळगण्याचे कारण नाही, कारण नागरिकाला दुसरे सरकार, दुसरे खाते आणि दुसरे पोर्टल उपलब्ध नसते.

निविदेच्या अटी शक्यतो आपणच लिहून द्याव्यात, म्हणजे खात्याचा वेळ वाचतो.

माहिती अशा साच्यात साठवावी की कंत्राट संपले तरी खाते आपल्याला सोडू शकणार नाही.

गणित कसे चालते हे कोणी विचारल्यास “व्यापारी गुपित” असे उत्तर द्यावे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका आरोपीला शिक्षा ठरवताना तो पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, याचा ‘कॉम्पास’ या सॉफ्टवेअरने काढलेला अंदाज न्यायाधीशापुढे होता. तो अंदाज कसा काढला हे आरोपीला पाहता आले नाही, आणि २०१६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने काही सावधगिरीच्या सूचना देऊन हा वापर चालवून घेतला.

माणसे कमी करून पैसा वाचेल, असे सादरीकरणात मोठ्या अक्षरांत लिहावे. अमेरिकेच्याच मिशिगन राज्याने बेरोजगार भत्त्यातील लबाडी पकडण्याचे काम २०१३ ते २०१५ या काळात असेच एका प्रणालीवर सोपवले होते. पुढे तपासलेल्या यांत्रिक निर्णयांपैकी सुमारे ९३ टक्के चुकीचे निघाले. लबाड ठरवलेल्या लोकांकडून तोपर्यंत वसुली सुरू झालेली होती.

आता मुख्य सूचना. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चूक असू शकते हे कदापि मान्य करू नये. या बाबतीत ब्रिटनच्या टपाल खात्याची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली पुरवणाऱ्या फुजित्सू या जपानी कंपनीचा आदर्श ठेवावा. ही प्रणाली १९९९ पासून शाखांत बसू लागली आणि हिशेबात न झालेली तूट दाखवू लागली. टपाल शाखा कंत्राटावर चालवणाऱ्या शाखाचालकाने करारानुसार ती तूट खिशातून भरायची होती. त्याने मदतवाहिनीवर फोन केला की, असा प्रश्न फक्त तुमच्याकडेच येतो आहे, असे त्याला ऐकवले जाई; आणि असे ऐकलेले लोक शेकडो होते. कंपनीकडे ज्ञात चुकांची नोंदवही होती. कंपनीचे कर्मचारी दूर बसून शाखेच्या हिशेबात शिरू शकत होते. तरीही कंपनीची माणसे शाखाचालकांवरील चोरी-अफरातफरीच्या खटल्यांत प्रणालीच्या बाजूने साक्षी देत राहिली, आणि संगणक बरोबर चालत असल्याचे गृहीत धरणारा तेथील कायदा त्यांच्या मदतीला होता. नऊशेंहून अधिक लोक दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे घर गेले, कोणी जिवाला मुकले. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोषांवर शिक्कामोर्तब केले, आणि २०२४ च्या जानेवारीत फुजित्सूचे युरोपातील प्रमुख पॉल पॅटरसन यांनी खासदारांसमोर कबूल केले की चुका अगदी सुरुवातीच्या काळापासून होत्या आणि खटले चालवायला आपण टपाल खात्याला मदतही केली. सुरुवातीच्या काळापासून! म्हणजे एखादी बाई आपले दागिने मोडून, न झालेली तूट भरत होती तेव्हा कुठल्या तरी कार्यालयात त्याच चुकीला क्रमांक देऊन ती नोंदवून ठेवलेली असू शकत होती. याला तांत्रिक बिघाड म्हणत नाहीत. माहीत असूनही गप्प बसणे म्हणतात. असो, सूचना द्यायच्या होत्या.

संकेतस्थळावर नीतितत्त्वांचे एक पान असावे, पण ते काढता येण्याजोगे असावे. ड्रोनने टिपलेली दृश्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासण्याच्या अमेरिकी लष्कराच्या ‘मेव्हन’ प्रकल्पावरून कर्मचारी खवळल्यावर गूगलने २०१८ साली शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता न बनवण्याचे वचन दिले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ते वचन त्या पानावरून उतरवले.

सरकारांनाच विकतो, असे अभिमानाने सांगावे. फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणारे ‘पेगासस’ हे सॉफ्टवेअर विकणारी इस्रायलची एनएसओ ही कंपनी हेच सांगत असे.

एवढे करूनही कोणी टोकलेच, तर “आम्ही केवळ साधन पुरवतो, कोणत्या खात्याने त्याचे काय करावे हे ठरवणारे आम्ही कोण?” असे नम्रपणे विचारावे. सर्व्हर सांभाळण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ‘शेफ’ या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकेच्या स्थलांतरित-विरोधी कारवाई करणाऱ्या खात्याशी असलेल्या कराराबाबत २०१९ साली साधारण हाच पवित्रा घेतला होता. मग एका माजी कर्मचाऱ्याने आपण लिहिलेला कोड इंटरनेटवरून काढून घेतला, ग्राहकांची कामे अडली, आणि थोड्याच दिवसांत तो करार पुढे न वाढवण्याचे ठरले. म्हणजे ठरवता येत होते.

येत असते, आणि तुम्हालाही येते. कोणाचे पैसे अडतील, कोणाच्या दारात पोलीस येतील, कोणाचा फोन चोरून ऐकला जाईल, हे जर तुमच्या कोडवर ठरणार असेल तर साधनाची भाषा बंद करा. ज्याच्यावर हे यंत्र चालते त्याने तुम्हाला निवडलेले नाही आणि तो तुम्हाला काढूही शकत नाही, म्हणूनच तुमची जबाबदारी बाजारातल्या विक्रेत्यापेक्षा जास्त आहे. निर्णय कसा झाला हे त्याला सांगता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर विकू नका. चुकांची नोंदवही असेल तर ती न्यायालयात ठेवा, आणि माहीत असलेली चूक दाबून शपथेवर साक्ष द्यायला कोणी सांगितले, तर त्याला तोंडावर नाही म्हणा. आणि कंत्राटावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनो, तुम्ही गालातल्या गालात हसू नका. सॉफ्टवेअर विकत घेतले म्हणून निर्णय कंपनीचा होत नाही, तो तुमचाच असतो आणि त्याचा जाबही तुम्हीच द्यायचा असतो.