परत येणार कशावरून?

युरोप फिरायला जायचं मनात आलंय? उत्तम. आधी ते मनातून काढून टाका. नाहीच निघालं, तर या विषयात नुकताच नापास झालेला माणूस म्हणून माझे चार शब्द ऐका. गेल्या मंगळवारी कुरिअरवाला दोन पाकिटं देऊन गेला. पाकीट हातात घेताच आमच्या मंडळी म्हणाल्या, "पत्रिका परत आल्यासारखी वाटतीय." आणि तसंच झालं होतं. पासपोर्ट होता तसाच कोरा, सोबत व्हिसा नाकारल्याचा एक छापील कागद.

तर पहिली गोष्ट. जायचं खरं कारण कुणाला सांगू नका. मी सांगितलं आणि फसलो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, १८७० साली विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं आजही त्यांच्या स्मारकाची छत्री आहे, छत्रीखाली अर्धपुतळा आहे. तिचा आराखडा मेजर मंट यांचा, म्हणजे आपला न्यू पॅलेस ज्यांनी आखला तेच. जवळच्या पुलालाही तिथले लोक 'इंडियानो' म्हणून ओळखतात. शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटाजवळ जन्म गेलेल्या माणसाला त्या दुसऱ्या नदीकाठी एकदा हात जोडून यावंसं वाटलं, यात काही चुकलं का? मुंबईच्या व्हिसा केंद्रातल्या खिडकीवरच्या पोरीनं विचारलं, "सर, पर्पज?" मी म्हटलं, "आमच्या महाराजांच्या छत्रीला नमस्कार करायचाय." तिनं माझ्याकडं बघितलं, मंडळींकडं बघितलं आणि म्हणाली, "टुरिझम लिहिते." तेच लिहा. आयफेल टॉवर बघायचाय म्हणा. तो बघायला जाणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही.

अर्ज कुणाकडं करायचा, हाही एक खेळ आहे. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या २९ देशांचं एकत्र कुटुंब. ज्या घरात जास्त रात्री झोपणार, त्या घराकडं परवानगी मागायची. आमच्या बारा दिवसांत फ्लॉरेन्सला रात्री दोनच, जास्त रात्री दुसरीकडं. कुठल्या देशाकडं अर्ज केला ते लिहीत नाही. पुन्हा करायचाय.

आता जन्मतारीख. तुमची १ जून असेल तर मनाची तयारी ठेवा. आमच्या घरात मी, थोरला भाऊ, चुलता आणि मेहुणा, चौघंही १ जूनचे. मास्तरांनी शाळेत घालताना जी लिहिली ती लिहिली, त्यांच्या हिशोबात कोल्हापूर जिल्ह्यातल्या बायका त्याच एका दिवशी बाळंत व्हायच्या. हे परदेशी साहेबाला समजावून सांगायला अर्जात रकाना नाही.

नावाचं तर विचारूच नका. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. तिघांना एकत्र आणायला नोटरीकडं जावं लागतं, आणि तोही स्वतःचं नाव दोन प्रकारे लिहितो.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा हवा, चेहरा त्यातला ७० ते ८० टक्के, मागं पांढरं, आणि सहा महिन्यांच्या आतला. आमच्या गल्लीतल्या फोटोग्राफरनं मोठ्या प्रेमानं काढला. वर म्हणाला, "फॉरेनला जाणार म्हणून जरा उजळ केलाय दादा, पैसे तेवढेच." मुंबईत खिडकीवर सांगितलं, हा फोटो तुमचा वाटत नाही. मंडळी म्हणाल्या, मलाही नाही वाटत. मग तिथल्याच यंत्रात नवा काढला, त्याचे वेगळे पैसे.

बोटांच्या ठशांसाठी माझ्यासारख्यांना खास सूचना: जन्मभर लेथवर काम करू नका. उद्यमनगरात तीस वर्षं लोखंड घासलं, तेवढ्यात बोटांवरच्या रेषाही घासून गेल्या. यंत्र पाच वेळा म्हणालं, पुन्हा ठेवा. सहाव्यांदा त्या पोरीनं माझा अंगठा स्वतः दाबला तेव्हा कुठं हिरवा दिवा लागला. हे ठसे आता ५९ महिने चालतात. म्हणजे मी गेलो नाही तरी माझी दहा बोटं पाच वर्षं युरोपात आहेत.

रजेचं पत्र जोडा. मालक स्वतःच असाल तर स्वतःच स्वतःला द्या. मी माझ्याच लेटरहेडवर लिहिलं की सदर इसमास बारा दिवसांची रजा मंजूर करण्यात येत आहे, व तो परत आल्यावर त्यास कामावर घेण्यात येईल. खाली मीच सही केली. एजंट म्हणाला, "एक नंबर झालंय काका." मंडळींसाठी मी स्पॉन्सर म्हणून वेगळं पत्र दिलं. त्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "लग्नात आमच्या बाबांनी तुम्हाला स्पॉन्सर केलं होतं, त्याचं पत्र कुठाय?"

विमानाचं तिकीट काढू नका, असं वेबसाइटवर लिहिलंय. विमानाच्या तिकिटाचं बुकिंग जोडा, असंही लिहिलंय. हॉटेलचंही जोडा. मुलगी बघायला जायच्या आधी अक्षता वाटून ठेवायच्या, असा हा प्रकार. पसंती आली नाही तर आचाऱ्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

विमा किमान ३०,००० युरोचा हवा. त्यात दवाखाना आला, आणि तिकडंच काही बरंवाईट झालं तर मृतदेह परत आणायचा खर्चही आला. राजाराम महाराजांच्या वेळी असलं काही नव्हतं. परक्या गावात हिंदू पद्धतीनं चिता पेटवायची म्हणजे तिथल्या लोकांनी कधी न पाहिलेली गोष्ट, तरी शहरानं खास परवानगी दिली. १८७० साली. मी नुसता नमस्कार करायला परवानगी मागतोय. विमा काढून.

अमेरिकेच्या अर्जात, तुम्ही तिथं येऊन दहशतवादी कृत्यं करणार आहात का, असा प्रश्न येतो. तिथं 'नाही' करा.

बँकेत ऐनवेळी मेहुण्याकडून तीन लाख घेऊन टाकू नका. साहेबालाही मेहुणा असतो.

आता मुख्य कागद. हा नीट जमवा, कारण मी इथंच मार खाल्ला. तुम्ही परत येणार, याचा पुरावा. त्या छापील कागदावर चौकोनांची रांग होती आणि एका चौकोनात फुली. त्यापुढच्या इंग्रजीचा अर्थ असा, की व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही आमचा प्रदेश सोडून जाल, याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे. वाजवी! अहो, परत येणार नाही म्हणजे जाणार कुठं? उद्यमनगरात माझे तीन लेथ आहेत, ते काय पाठीवर मारून नेणार? पाच पोरं कामाला आहेत, शनिवारी त्यांचा पगार असतो. एक शनिवार चुकला तर ती फ्लॉरेन्सला येऊन मला गाठतील, व्हिसा नसला तरी. मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलंय, कार्यालयाला दिलेल्या पन्नास हजारांच्या अ‍ॅडव्हान्सची पावती मी फायलीत जोडली होती. कोल्हापुरातला कुठला बाप पन्नास हजार सोडून पळून जाईल, एक दाखवा. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला तर ते पंचावन्नच्याही वर गेलं होतं. तेव्हा खालच्या खोलीतला फ्रिज मी आणि भावानं माडीवर चढवला. पुढच्या वेळी कोण चढवणार? तुमचा कॉन्सुल येणार? रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या धारेखाली ग्लास धरून उभा राहणारा माणूस तुमच्या पुठ्ठ्याच्या डब्यातल्या दुधावर किती दिवस काढणार? ऐंशीची आई घरी आहे, तिला माझ्याशिवाय कुणी डोळ्यात थेंब घातलेला चालत नाही. हे सगळं कुठल्या स्टेटमेंटमध्ये येतं? तीन वर्षांचं आयकराचं रिटर्न मागितलंत, दिलं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलंत, दिलं. घराचा उतारा दिला, वर्कशॉपचं जीएसटी दिलं, लग्नाचं सर्टिफिकेट दिलं. त्यातलं एक तरी पान कुणी उलटलं का? फायलीला मी पिवळा दोरा बांधला होता. तो जसा बांधला होता तशाच गाठीनं परत आलाय.

असो. एजंट म्हणतो अपील करता येतं. ज्या देशानं नाकारलं त्याच्याच कायद्यानं, त्याच्याच दारात.

आणि एक सूचना राहिलीच. पहिला व्हिसा मिळण्याआधी दोन व्हिसा मिळवून ठेवा. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी सवलत आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमात वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळतो. गरज नसलेल्याला बँक कर्ज देते, तसंच.

सूचना पुरे झाल्या. आता साहेबाशी सरळ बोलतो, कारण हसून हसून तोंड दुखायला लागलंय.

नव्वद युरो माणशी फी घेतलीत. दोघांचे अठरा हजारांच्या वर झाले, वर केंद्राची फी वेगळी, फोटोचे वेगळे, दोन वेळा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणंयेणं वेगळं. नाकारलंत तरी पैसे परत नाहीत. ठीक आहे, नका देऊ. पण माझ्या वर्कशॉपमधून पंपाचे भाग घासून जातात, पुण्याच्या एका कंपनीमार्फत जर्मनीलाही जातात. एखादा नग त्यांना पसंत पडला नाही तर ते काय करतात माहीत आहे? रिजेक्शनचा कागद पाठवतात. त्यावर लिहिलेलं असतं, अमुक नंबरचा नग, आतला व्यास इतक्या मायक्रॉननं जास्त, तमुक ठिकाणी ओरखडा. लोखंडाच्या तुकड्याला ते कारण देतात! मी तो कागद पोरांना दाखवतो, टूल बदलतो, पुढचा नग बरोबर निघतो. तुम्ही मला चौकोनात फुली मारून पाठवलीत. काय दुरुस्त करू? वय? जन्मगाव? तीस वर्षं मालाची परीक्षा देतोय. नकाराला मी घाबरत नाही. पण नाकारायचं असेल तर माणसासारखं नाकारा, दोन ओळी लिहा. अठरा हजारांत दोन ओळी येत नाहीत? वर पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात 'याआधी व्हिसा नाकारला होता का' हा प्रश्न आहेच. तिथं मी 'हो' लिहिणार, आणि कारण विचारलं तर काय सांगणार? फुली?

आपल्या इथल्या वेल्डिंग केलेल्या खोट्या कागदांच्या एजंटांना तर पायताणानं मारलं पाहिजे. नकली पगारपत्रकं विकून पोरांना पाठवतात, ती तिकडं राहतात, आणि त्यांच्यावरची शंका माझ्यासारख्याच्या फायलीवर येऊन बसते. त्याच पायताणांवरून आठवलं, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत हुबेहूब आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या. त्यांना कुणी विचारलं नाही, परत जाणार का म्हणून.

आणि तुम्ही. होय, वाचणारे तुम्हीच. व्हिसा मिळाला की विमानतळावरचा फोटो टाकता, नाही मिळाला की गप्प बसता. आपल्या ओळखीत किती जणांचा नाकारला गेलाय, मोजून बघा. कुणी सांगतच नाही. चोरी केल्यासारखं लपवतात. दिवाळीला ठरलेला युरोप अचानक 'ऑफिसात काम निघालं' म्हणून महाबळेश्वर होतो, आणि आपण समजून न समजल्यासारखं करतो. पैसे आपले, वेळ आपला, आणि लाजही आपल्यालाच वाटायची, ही कुठली रीत?

मीही तेच केलं, म्हणून हा जास्तीचा राग. बुधवारी शेजारच्या पाटीलकाकूंनी विचारलं, "कधी निघणार?" मी सांगून टाकलं, "आईची तब्येत बरी नाही, म्हणून रद्द केलंय." आई माडीवर पापड वाळत घालत होती. तिनं वरून ऐकलं. खाली आली, कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नावावर खपवलंस व्हय रं?"

मघाशी काकूंकडं जाऊन आलो. नाकारला म्हणून सांगितलं. त्यांनी चहा टाकला, साखरेचा डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या जावयाचापण दोनदा."