ताप उतरला म्हणजे आजोबा सुटले, असं नाही

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: 'डेंग्यूत ताप गेला की धोका टळला. प्लेटलेट लाखाखाली गेल्या की लगेच चढवून घ्या. पपईच्या पानांचा रस द्या, पाणी भरपूर पाजा.' मी मेडिकल वॉर्डात नर्स आहे. सत्तरीच्या पेशंटला हा मेसेज महागात पडेल, म्हणून लिहिते.

आधी ताप. डेंग्यूत खरी भीती ताप उतरताना असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. आणि घरचे नेमका त्याच दिवशी डिस्चार्ज मागतात! म्हाताऱ्या माणसांची लक्षणंही फसवी. ताप जेमतेम, पुरळ नाही. आजी नुसत्या गळून जातात, असंबद्ध बोलतात, बाथरूममध्ये पडतात. 'वय झालं' म्हणत दोन दिवस जातात. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडीही वाढलेली दिसत नाही. ज्यांचं बीपी एरवी १६० असतं, त्यांचं ११० आलं तर ते नॉर्मल समजू नका. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, सुस्ती यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

आता प्लेटलेट. नातेवाईक रात्रभर डोनर शोधत फिरतात, ते बघून पोटात तुटतं. सिंगापूर-मलेशियातल्या मोठ्या चाचणीत (२०१७) प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या पेशंटना त्या चढवल्या. रक्तस्राव कमी झाला नाही, उलट रिअॅक्शन वाढल्या. आम्ही प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट (म्हणजे रक्त किती घट्ट झालंय), बीपी आणि लघवी बघतो.

पाणी हवंच, पण हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर मोजून. झिरपलेलं पाणी दोन-तीन दिवसांत रक्तात परत येतं. तेव्हा सलाइन जास्त झालेलं असेल तर फुफ्फुसांत पाणी भरतं आणि धाप लागते.

पपईच्या रसाने जीव वाचतो, असा पुरावा नाही.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: अंगदुखीवर ब्रुफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका, पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. स्टेंट बसवलेल्यांची रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका. रोजच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या आणि अॅडमिट करतानाच दाखवा.