करंट फिरवता आला म्हणजे चार्जर झाला नाही

"व्हेरिअ‍ॅक, ब्रिज रेक्टिफायर आणि अँमीटर, बस्स. ट्रान्सफॉर्मरचा खर्च नको. करंट एकदा सेट केला की झालं. करंट दुप्पट करा, गाडी निम्म्या वेळात भरेल. जास्त झालं तर बीएमएस तोडतंच." इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर हा मजकूर सर्किटच्या चित्रासकट फिरतो आहे. (व्हेरिअ‍ॅक म्हणजे नॉब फिरवून मेन्सचे व्होल्ट कमी-जास्त करणारं यंत्र, ब्रिज रेक्टिफायर एसीचा डीसी करतो, आणि बीएमएस म्हणजे बॅटरी पॅकमधलं संरक्षक सर्किट.) घरी चार्जर बनवायला माझी हरकत नाही. मीही बनवतो. करंट कमी-जास्त करता येणारा चार्जर खरंच कामाचा असतो: थकलेल्या बॅटरीला हळू, नव्या बॅटरीला जरा जोरात. पण चित्रात दाखवलंय तो चार्जर नाही, आणि तो लोक घरात रात्रभर लावून झोपणार आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

"ट्रान्सफॉर्मर नको." व्हेरिअ‍ॅकमध्ये एकच वाइंडिंग (तारेचं वेटोळं) असतं. त्याचा काटा ५० व्होल्टवर असला तरी बॅटरी घरातल्या मेन्सला थेट जोडलेलीच राहते. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, आणि आपल्याकडे ते पुष्कळ घरांत असतात, तर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टच्या आसपास दाब येतो. ओल्या अंगणात उभं राहून कोणी क्लिप काढायला गेलं, तर मीटर ५० दाखवत असतानाच शॉक बसेल. दोन वेगळी वाइंडिंग असलेला ट्रान्सफॉर्मर, मग तो लोखंडी असो की एसएमपीएसमधला (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायमधला) फेराइटचा, इथे जीव वाचवतो. तो खर्च टाळायचा नसतो.

"करंट एकदा सेट केला की झालं." मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. संध्याकाळी गावात सगळ्यांच्या मोटारी, दिवे चालू असताना सॉकेटवर २१० व्होल्ट असतात. तुम्ही नॉब फिरवून १० अँपिअर लावता आणि झोपता. रात्री दोनला लोड उतरतो, २४० होतात. व्हेरिअ‍ॅक नियंत्रण करत नाही, फक्त प्रमाण ठेवतो. जिथे ५८ व्होल्ट निघत होते तिथे आता ६६ निघतात. बॅटरीचा अंतर्गत रोध मिलिओहममध्ये, त्यामुळे वाढलेले व्होल्ट सरळ करंट होऊन आत शिरतात. आणि बॅटरी भरली तरी थांबवणारं तिथे कोणी नाही.

किती व्होल्टला थांबायचं, हेही "४८ व्होल्ट" या नावावरून कळत नाही. लेड-अ‍ॅसिडच्या चार बॅटऱ्यांना साधारण ५७.६ लागतात. १६ सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकला कमाल ५८.४. पण १३ सेलच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या लिथियम) पॅकला फक्त ५४.६, म्हणजे सेलमागे ४.२. त्याला ५८.४ दिले तर प्रत्येक सेल ४.४९ वर जातो. आगीची सुरुवात अशीच होते.

"बीएमएस तोडतंच." ई-रिक्षांत लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या भरपूर आहेत, आणि त्यांना बीएमएस नसतंच. तिथे ओव्हरचार्ज झाला की हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगी पुरते. लिथियमला बीएमएस असतं, पण ते शेवटचं कुंपण आहे, रोजचा स्विच नव्हे. या मजकुराच्या दुसऱ्या आवृत्तीत व्हेरिअ‍ॅकऐवजी सिरीजला कपॅसिटर असतो. बीएमएसने तोडताच त्या सर्किटचे लोड नसतानाचे ३२५ व्होल्ट, पॅकचे वजा जाता, बीएमएसच्या १०० व्होल्ट सोसणाऱ्या मॉस्फेटवर (तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) येतात. मॉस्फेट सहसा शॉर्ट होऊनच जातो, म्हणजे चार्जिंग पुन्हा सुरू. २०२२ मध्ये दुचाक्यांना आगी लागल्या, तेव्हा एआयएस-१५६ या विजेच्या दुचाकी-तिचाकींच्या सुरक्षेच्या भारतीय मानकात दुरुस्त्या झाल्या. ठरलेल्या व्होल्टेजला चार्जिंग तोडण्याची अट त्यात खुद्द चार्जरवर आहे.

"निम्म्या वेळात." पहिला, पूर्ण करंटचा टप्पा लवकर संपतो, हे खरं. पण १०० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिडला १० ऐवजी २० अँपिअर दिले की ती कमाल व्होल्टेजला लवकर पोचते, आणि उरलेला भाग घटत्या करंटवर काही तास घेतोच.

मग बनवायचा कसा? आयसोलेटेड, म्हणजे आउटपुट मेन्सपासून वेगळं ठेवणारा एसएमपीएस घ्या. त्यातल्या टीएल४९४ या कंट्रोल आयसीमध्ये दोन एरर अ‍ॅम्प्लिफायर (मोजलेलं आणि ठरवलेलं यांतला फरक पाहणारे) असतात: एक व्होल्टेजला, एक करंटला. ५ मिलिओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) १० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट देतो, तेवढे पुरतात. बाहेर नॉब फक्त करंटचा ठेवा. व्होल्टेजचा प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा नॉब) डब्याच्या आत, मल्टिमीटर लावून एकदाच बसवायचा आणि त्यावर लाखेचा थेंब टाकायचा. आउटपुटला डीसी रेटिंगचा फ्यूज. आणि करंटच्या पॉटचा (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचा) मधला पाय एका रेझिस्टरने ग्राउंडला ओढून ठेवा. धुळीने पॉटचा संपर्क सुटतोच. माझ्या एका चार्जरचा दीड वर्षात सुटला. तो रेझिस्टर होता, म्हणून करंट शून्यावर आला. नसता, तर तो कमालीवर जाऊ शकला असता.