खिडक्या बुजवलेलं विमान म्हणजे भंगार नव्हे

मंगळवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ती जयताळ्याला राहते आणि इतक्या उशिरा कधीच फोन करत नाही. "काऊन रे, माझा पोरगा त्या कापलेल्या विमानांवर काम करून राहिला का?" भाचा दीड वर्षापासून नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका विमान-देखभाल हँगरमध्ये शिकाऊ म्हणून लागला आहे. ताईच्या भिशीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला होता. वर "नागपूरकरांनो सावधान", खाली "प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा". दुसऱ्या दिवशी तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, संध्याकाळी आणखी दोन ठिकाणी. तोवर ताईनं भाच्याला बजावलं होतं की महिना भरला की ती नोकरी सोड.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. प्रवाशांसाठी बाद ठरलेली विमानं कंपन्या भंगारात घेतात, बाजूला भलंमोठं दार कापतात आणि मालवाहू म्हणून उडवतात. दार कापल्यानं सांगाडा मोडतो, अमेरिकेत लुईव्हिलचं विमान त्यामुळेच पडलं. आतले तडे दिसू नयेत म्हणून खिडक्या बुजवतात. वय कळू नये म्हणून नंबर बदलतात. दिवसा परवानगी नसल्यानं रात्री उडवतात. आणि हा सगळा धंदा मिहानमध्ये चालतो, तेव्हा आपल्या मुलांना तिथे पाठवू नका. सोबत दोन फोटो.

मी इंजिनिअर नाही. पण मालवाहू विमानांच्या नोंदी ठेवण्याचा नाद मला फार वर्षांचा आहे. कुठलं विमान कोणाकडे प्रवासी म्हणून उडालं, कुठल्या वर्षी रूपांतरित झालं, आता कोणाच्या ताफ्यात आहे, हे लिहून लिहून तीन वह्या भरल्या. म्हणून हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

लुईव्हिलपासून सुरू करतो, कारण ताई घाबरली ती त्यानं.

४ नोव्हेंबर २०२५ ला लुईव्हिलहून होनोलुलूला निघालेलं यूपीएस या कुरिअर कंपनीचं एमडी-११ विमान उड्डाणाच्या क्षणीच कोसळलं. आतले तिघेही गेले, जमिनीवरची माणसंही गेली. विमान १९९१ चं होतं, आधी थाई एअरवेजकडे प्रवासी म्हणून उडालेलं, मग मालवाहू केलेलं. इथपर्यंत मेसेज खरा आहे. "कापलेल्या दारापासून विमान फाटलं" हे मात्र धडधडीत खोटं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा, प्राथमिक अहवाल त्याच महिन्यात आला आणि तो कोणालाही वाचता येतो. त्यात आहे ते असं: डावं इंजिन पायलॉनसकट पंखापासून सुटलं. पायलॉन म्हणजे इंजिन ज्याला टांगलेलं असतं तो पंखाखालचा भाग. त्याच्या मागच्या जोडणीत भोकं असलेले धातूचे जाड कान असतात. त्या कानांमध्ये थकव्याचे, म्हणजे वारंवार ताण पडून येणारे, तडे सापडले. माल चढवायचं दार कुठे असतं? धडाच्या पुढच्या भागात, डाव्या कुशीला. तडे होते पंखाखाली, इंजिनाच्या जोडणीत. विमान प्रवासी असो की मालवाहू, पायलॉन तोच असतो आणि रूपांतर करताना त्याला कोणी करवत लावत नाही.

त्याच अहवालात एका जुन्या अपघाताची आठवण काढली आहे. २५ मे १९७९, शिकागो. अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१०, एमडी-११ चाच पूर्वज. तेव्हाही डावं इंजिन पायलॉनसकट तुटून पडलं आणि २७३ माणसं गेली. ते विमान पूर्ण प्रवासी होतं. दुरुस्तीच्या वेळी इंजिन आणि पायलॉन वेगवेगळे न काढता एकत्रच फोर्कलिफ्टनं उतरवले आणि परत चढवले, त्यात जोडणीला तडा गेला. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच काळजी असती तर त्यानं हे लिहिलं असतं, कारण यात शिकण्यासारखं आहे. विमान हँगरमध्ये कसं हाताळतात यावर माणसं जगतात की मरतात ते ठरतं.

आता जे मान्य करायला हवं ते करतो. जुनं विमान आणि नवं विमान सारखं नसतं. लुईव्हिलच्या विमानानं २१ हजारांच्या थोड्या वर सायकल पुऱ्या केल्या होत्या. एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक सायकल. त्या कानांची खास बारकाईची तपासणी ठरली होती २९,२०० सायकलना. म्हणजे तडा आधी आला आणि तपासणीची पाळी नंतर येणार होती. त्या जोडणीतल्या बेअरिंगची कडी तुटल्याच्या घटना बोइंगनं २०११ मध्येच विमान कंपन्यांना कळवल्या होत्या, पण त्यानं उड्डाणाच्या सुरक्षेला धोका नाही असंही म्हटलं होतं. हे चुकलं, आणि फार महागात पडलं. अपघातानंतर एफएए या अमेरिकेच्या विमान नियामकानं तपासणी झाल्याशिवाय एमडी-११ उडवायला मनाई केली. राग यायचा असेल तर तो यावर यावा. दार कापण्याचा इथे काही संबंध नाही.

"बाद विमान" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. धातू किती वर्षं झाली ते मोजत नाही, कितीदा ताणला गेला ते मोजतो. जेवणाच्या डब्याची कडी घ्या. ती डबा किती साली घेतला यावर तुटत नाही, कितीदा उघडझाप झाली यावर तुटते. विमानाचं धड प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबानं फुगतं आणि उतरलं की पूर्ववत होतं. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत हवेतच उडालं. विमान १९ वर्षांचं, पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांनी त्याच्या ८९,६८० सायकल झाल्या होत्या. तेही प्रवासी विमान. जुन्या विमानांच्या तपासण्यांचे नियम त्यानंतर कडक झाले. आता बघा: प्रवासी ७३७ दिवसाला पाच-सहा फेऱ्या सहज मारतं. तेच विमान कुरिअरचं झालं की रात्रीतून दोन-तीन. सायकल चढण्याचा वेग कमी होतो. कंपन्या ते विमान विकतात कारण नवी विमानं कमी इंधन पितात, आणि दिवसभर उडणाऱ्याला इंधनाचा फरक परवडत नाही. रात्री थोडा वेळ उडणाऱ्याला परवडतो. भंगाराचा प्रश्नच येत नाही. भंगारात जाणाऱ्या विमानावर लाखो डॉलर आणि तीन-चार महिने कोण घालवेल?

त्या तीन-चार महिन्यांत काय होतं तेही सांगतो, कारण "दार कापतात" एवढंच ऐकलं की कोणाच्याही पोटात गोळा येईल. ७३७-८०० ला साधारण ३.६ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच दार बसतं. पत्रा आणि आतल्या फ्रेम कापल्या जातात, हे खरं. पण त्या भोकाभोवती आधीपेक्षा मजबूत फ्रेम आणि जादा पत्रे बसवतात. माणसांपेक्षा मालाचे पॅलेट जड, म्हणून खालचे फ्लोअर बीम बदलतात किंवा बळकट करतात. वैमानिक आणि माल यांच्यामध्ये एक भक्कम भिंत उभी राहते, जी धडकेत वजनाच्या नऊपट जोर सोसेल अशी मोजून बनवलेली असते. धूर ओळखणारी यंत्रणा नव्यानं बसते. या सगळ्या रचनेला वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि भारतात उडायचं तर डीजीसीएची, म्हणजे आपल्या विमान नियामकाची, मान्यता लागते. कुशीत मोठं दार असलेलं ७३७ बोइंगनं साठच्या दशकात थेट कारखान्यातूनच विकलं आहे. दार ही काही हल्लीची जुगाडबाजी नाही.

कारखान्यातून थेट मालवाहू म्हणून निघालेली विमानं पडतच नाहीत असंही समजू नका. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ यूपीएसचं ७४७ जळून कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. ते विमान जेमतेम तीन वर्षांचं होतं आणि मुळातच मालवाहू म्हणून बनलेलं. आग लागली ती ज्या मालात, त्यात लिथियम बॅटऱ्या होत्या. आणि २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बगराम इथे पडलेलं ७४७ रूपांतरित होतं खरं, पण पडलं ते आतली चिलखती वाहनं नीट बांधलेली नसल्यानं मागे सरकली म्हणून.

खिडक्यांचं उत्तर दोन ओळींत संपतं. पोत्याला आणि खोक्याला बाहेर बघायचं नसतं. काच जड असते, तिला चरे पडतात, रबर बदलावं लागतं. म्हणून तिथे धातूची झाकणं बसवतात. तडे लपवायचं म्हणाल तर नेमकं उलटं घडतं. रूपांतराच्या वेळी खुर्च्या, आतलं अस्तर, शौचालयं, गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, सगळं निघतं आणि सांगाडा उघडा पडतो. शौचालय आणि गॅलीच्या खाली वर्षानुवर्षं पाणी झिरपून गंज धरतो, तो दिसायची सगळ्यात चांगली वेळ तीच.

नंबरचंही तसंच. आपली गाडी एमएच-३१ ची, ती दुसऱ्या राज्यात विकली तर पाटी बदलते, चेसिस नंबर बदलत नाही. विमानालाही कारखान्यात एक अनुक्रमांक मिळतो आणि तो भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. भारतात आलं की व्हीटी लागतं, बाहेर गेलं की निघतं. माझ्या वह्यांमध्ये प्रत्येक नोंद त्या अनुक्रमांकावरच आहे. मला नागपुरात घरी बसून जे सापडतं ते लपवलेलं कसं म्हणायचं?

रात्रीच्या मुद्द्यावर मात्र मला वाईट वाटलं, कारण हा मेसेज नागपूरकरांच्या नावानं फिरतो आहे. जानेवारी १९४९ पासून देशाची रात्रीची हवाई टपाल सेवा आपल्या सोनेगावच्या विमानतळावर जुळायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत पोहोचायची. १९७३ पर्यंत हे चाललं. संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी दुसऱ्या टोकाला मिळावं म्हणून रात्र निवडली होती. आजची कुरिअरची विमानं त्याच कारणानं रात्री उडतात. २००९ मध्ये एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांनी डेक्कन ३६० ही मालवाहू सेवा काढली, तेव्हाही केंद्र म्हणून नागपूरच धरलं होतं, देशाच्या मध्यावर असल्यामुळे.

आता ते दोन फोटो. पहिल्यात विमानाच्या खुर्च्यांवर खोकी बांधलेली दिसतात. ते रूपांतर नव्हे. कोरोनाच्या काळात प्रवासी बंद होते आणि औषधं पोहोचवायची होती, तेव्हा सरकारच्या परवानगीनं खुर्च्यांवर माल ठेवून उड्डाणं झाली. आपल्याकडचं पहिलं ७ एप्रिल २०२० चं, दिल्ली ते चेन्नई, स्पाइसजेटचं. ती तात्पुरती सोय होती. दुसरा फोटो नागपूरचाच आहे, आणि बहुतेकांना विमान ओळखीचं वाटेल: आपल्या धावपट्टीजवळ १९९१ पासून पडून असलेलं चार इंजिनांचं बोइंग ७२०. ते २०१५ मध्ये तिथून हलवलं. मालवाहू होऊन उडालं वगैरे काही नाही, ते पुन्हा कधी उडालंच नाही. एअर इंडियासाठी बोइंगनं बांधलेलं मिहानचं देखभाल केंद्रही २०१५ मध्येच सुरू झालं. या दोन गोष्टी कोणीतरी एकत्र शिवल्या असाव्यात.

भाच्याच्या हँगरमध्ये रूपांतर होत नाही. तिथे विमानं तपासणीला येतात. भारतात ७३७ च्या रूपांतराचं केंद्र उभारायचं बोइंग आणि जीएमआरनं २०२३ मध्ये जाहीर केलं, तेही हैदराबादला. ब्ल्यू डार्टची ७५७, इंडिगोची मालवाहू ए३२१, ॲमेझॉनसाठी क्विकजेट उडवते ती ७३७, ही सगळी एके काळची प्रवासी विमानं आहेत आणि ती सगळी देशाबाहेर रूपांतरित होऊन आली. उद्या हे काम मिहानला आलं तर मला आनंदच होईल. इथल्या आयटीआयमधून, डिप्लोमातून निघालेल्या पोरांना त्यात काम आहे.

शनिवारी ताईकडे गेलो. एनटीएसबीच्या अहवालातला तुटलेल्या कानाचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. भाच्यानं स्वतःची बॅटरी आणि लांब दांडीचा छोटा आरसा आणला आणि अशी सांदीतली जागा कशी बघायची ते आईला स्वयंपाकघरातल्या सिंकखाली वाकून दाखवलं. ताई बराच वेळ त्या फोटोकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, हा तडा दिसला असता का? भाचा म्हणाला, नुसत्या आरशानं कदाचित नाही, अशा जागेला यंत्र लावावं लागतं, तेच मी पुढे शिकणार आहे.

नोकरीचा विषय तिनं परत काढलेला नाही. भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज अजून तसाच आहे. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी हेही तिथेच टाकावं.