पॉकेट काट्याच्या भरवशावर सराफाला चोर ठरवू नका

लग्नसराई आली की एक मेसेज नागपुरातल्या ग्रुपवर हमखास फिरतो. म्हणणं असं: इतवारीच्या सराफा बाजारातून दागिना आणला की घरी पॉकेट काट्यावर, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर तोला, तो 0.01 ग्रॅमपर्यंत अचूक असतो. खात्री हवी तर पाचाचं नाणं ठेवून पाहा. वजन कमी भरलं, तर सराफाने काटा मारला. यातला संशय रास्त आहे, सोन्यात 50 मिलीग्रॅमलाही पैसा मोजावा लागतो. पण पुरावा म्हणून जे सांगितलंय, ते टिकत नाही.

आधी तो 0.01. काटा किती बारीक आकडा दाखवतो, एवढंच त्यातून कळतं. 10 ग्रॅमची वस्तू दर वेळी 10.06 दाखवणारा काटाही दोन दशांश दाखवतोच! 2011 च्या वैधमापन (वजनमापांच्या) नियमांनुसार सोन्याच्या व्यवहाराला अचूकतेच्या वर्ग 1 किंवा वर्ग 2 चाच काटा लागतो. त्याच्या माहितीपट्टीवर वर्ग, कमाल वजन आणि पडताळणीचा अंश (तपासणीसाठी धरलेला वजनाचा टप्पा) छापलेला असतो, आणि चूक किती चालेल ते त्या अंशावर ठरतं. घरी मागवलेल्या स्वस्त पॉकेट काट्यावर यातलं बहुधा काहीच नसतं, पडताळणीचा सरकारी शिक्का तर नाहीच.

दुसरं, काटा दागिन्याचं वस्तुमान थेट मोजत नाही. पारड्यावर पडलेल्या भाराने आतला लोडसेल (भार मोजणारा धातूचा तुकडा) किंचित वाकतो, त्यावरून आकडा निघतो. म्हणून जागा बदलली की काटा पुन्हा जमवावा, म्हणजे ठाऊक वजन ठेवून बरोबर करून घ्यावा लागतो. गुरुत्वाकर्षण लंडनपेक्षा नागपुरात थोडं कमी आहे. तिथे जमवलेला काटा तसाच इथे वापरला तर 10 ग्रॅमला सुमारे 26 मिलीग्रॅम कमी दाखवेल. त्यात आपला मे महिना. पट्टीवर वेगळं काही लिहिलं नसेल तर काट्याची तापमानाची मर्यादा 40 अंश धरतात, आणि नागपूर ती दुपारी सहज ओलांडतं. समोर कूलर चालू असेल तर वाऱ्याने आकडा नाचतो. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या पुडीवरची स्थिर वीजही वजनात ढवळाढवळ करते.

काटा स्वतःहून शून्य धरतो, हेही लक्षात असू द्या. शून्याच्या आसपासचा हळूहळू होणारा बदल बरेच काटे गिळून टाकतात. मंगळसूत्राचे बारीक सोन्याचे मणी एकेक करून टाकले तर पहिले काही मोजलेच जात नाहीत. परदेशात काडतुसं घरी भरणाऱ्या नेमबाजांना हा त्रास चांगला ठाऊक आहे. त्यांचे काटे आणि बंदुकीची दारू मोजून टाकणारी यंत्रं 0.1 ग्रेन, म्हणजे साडेसहा मिलीग्रॅमच्या टप्प्याने दाखवतात, आणि तिथली चूक जिवावर बेतते. म्हणून जाणते लोक आकड्यावर विसंबत नाहीत, ठाऊक वजनाचा तुकडा ठेवून काटा पुन्हा पुन्हा तपासतात.

मग नाणं का नको? पाचाचं कोणतं नाणं? जुनं जाड तांबे-निकेलचं 9 ग्रॅमचं, नंतरचं 6 ग्रॅमचं. वर झीज आणि मळ. शिवाय 6 ग्रॅमला बरोबर निघालेला काटा 40 ग्रॅमच्या पाटलीला बरोबर असेलच असं नाही. तपासणी दागिन्याच्या वजनाजवळच व्हायला हवी.

राहिला काटा मारल्याचा आरोप. फरक मोठा असेल तर पॉकेट काटाही तो दाखवेल, तेवढ्यापुरता तो कामाचा. मात्र आधी पावतीवरचं वजन खड्यांसकट आहे की निव्वळ सोन्याचं, ते बघा. मग दागिना घेऊन दुकानातच जा. पंखा बंद करायला सांगा, रिकामं पारडं शून्यावर आहे ना पाहा, सरकारी शिक्क्याचं प्रमाण वजन मागून दागिन्याआधी तेच ठेवायला लावा. पडताळणीचं प्रमाणपत्र मागा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर 12 महिन्यांनी करावी लागते. ती मुदत उलटलेली असेल किंवा वजन ठेवायला टाळाटाळ झाली, तर वैधमापनशास्त्र विभागाकडे लेखी तक्रार करा आणि सोबत पावतीची प्रत जोडा.