पेंटबॉलच्या लढाईवर डॉक्युमेंटरी काढताय? मग हे वाचाच

तर तुमचं ठरलंय. अक्कलकोट रोडच्या पुढं माळावर दोनतीनशे पोरं गोळा करून १८१८ ची सोलापूरची लढाई पेंटबॉलनं, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुकांनी, परत खेळायचं कुणाच्या तरी डोक्यात आलंय, आणि त्याच्यावर तुम्ही डॉक्युमेंटरी काढणार. इंडिपेंडंट, म्हणजे जिला पैसे कोणीच देत नाही ती. छान. गावात या विषयाचं मार्गदर्शन करणारं कोणी नाही म्हणून मीच करतो, फी नको, शेवटी "विशेष आभार" मध्ये नाव टाका फक्त, आणि ऱ्हस्व-दीर्घ बघून टाका.

पहिलं काम पोस्टर. शूटिंग वगैरे नंतर. पोस्टरवर धूर पाहिजे, धुरात तुम्ही पाठमोरे, खांद्यावर कॅमेरा, आणि खाली "अ फिल्म बाय". लढाई मागं कुठंतरी ब्लर दिसली तरी चालतंय.

मग इतिहास. अभ्यास करावा लागेल असं कोणी म्हटलं तर घाबरू नका, दोन ओळी पुरतात. मे १८१८, बाजीराव दुसरे पळतीवर, सोलापूरच्या किल्ल्यापाशी पेशव्यांचं पायदळ गणपतराव पानश्यांच्या हाताखाली, समोर जनरल थॉमस मन्रो, १५ मे ला किल्ला इंग्रजांकडं गेला. झालं. यापुढं वाचायला जाल तर अडचणी सुरू होतात. मन्रोच्या फौजेत गोरे थोडे आणि मद्रासकडचे देशी शिपाई जास्त होते असं लगेच समोर येतं. आता इंग्रज व्हायला सोलापुरात कोण तयार होणार, सगळ्यांनाच भगवा फेटा पाहिजे, मग आयोजक काय करणार, गावाच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पोरांना बोलावून लाल डगले वाटणार, "तुम्ही तिकडचेच की बे" म्हणून. ज्याचा पणजोबा कापडाच्या मागावर बसायला या गावात आला आणि ज्याला स्वतःला हैदराबाद सुद्धा धड माहीत नाही, त्या पोराला हे ऐकून कसं वाटलं हे कॅमेऱ्यासमोर चुकूनही विचारू नका. तो बोलेल. चांगलं बोलेल, अर्धं मराठीत अर्धं तेलुगूत, मधेच हसेल, आणि मग बघणारे तुमचा ड्रोन शॉट विसरून त्याच्यावरच बोलत बसतील.

कोणीतरी सुचवणारच की १८१८ पेक्षा १९३० घ्या, मार्शल लॉचा काळ, लोकांना जास्त माहितीय. तिथं मात्र सरळ नाही म्हणा. ज्या गावच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली त्या गावात त्यावर रंगाच्या गोळ्या उडवायच्या नसतात, आणि हे एवढं एक वाक्य मी चेष्टेत लिहीत नाहीये. पुढं चला.

किल्ला. खरा भुईकोट पुरातत्त्व खात्याकडं, संरक्षित स्मारक, तिथं रंग उडवायचं नाव पण काढू नका. मग माळावर कडब्याच्या पेंढ्या रचून तट उभा करायचा. मे महिन्यात कडब्याचा भाव काय असतो हे शेतकऱ्याला विचारा, म्हणजे नका विचारू, कारण तो दिवसभर बांधावर बसून पेंढ्या मोजणारे आणि रंग लागलेला कडबा म्हैस खाईल का म्हणून ज्याला त्याला विचारणारे. लढाई बघायला आलेल्या सगळ्या माणसांत खरोखर काही पणाला लागलेला माणूस तेवढा एकच, तेव्हा त्याला फ्रेमच्या बाहेर ठेवा.

पेंटबॉलचा इतिहास पण दोन मिनिटं टाकावा लागतो, फेस्टिव्हलवाल्यांना आवडतो. इथं सावध राहा कारण खरी गोष्ट तुमच्या व्हॉइसओव्हरची वाट लावते. पहिला खेळ झाला जून १९८१ मध्ये, अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावच्या जंगलात, खेळाडू १२, हातातली बंदूक होती झाडांवर आणि गुराढोरांवर खुणा करायला बनवलेली, आणि जिंकला कोण तर एक फॉरेस्टर, ज्यानं अख्ख्या खेळात एक गोळी उडवली नाही, गपगुमान झाडीतून फिरून सगळे झेंडे गोळा केले आणि बाहेर आला. आता असल्या माणसाचं काय करायचं? तुमची सुरुवात ठरलीय "युद्ध... माणसाच्या रक्तातच असतं..." अशी, मागं ढोल. त्यात हा न लढणारा बसतो का कुठं. काढून टाका. त्यापेक्षा ओक्लाहोमातल्या वायंडॉटची क्लिप दाखवा, तिथं बरीच वर्षं दुसऱ्या महायुद्धातली नॉर्मंडीची लढाई हजारो खेळाडू घेऊन खेळायचे, घरी बनवलेले रणगाडे बिणगाडे आणून. ती क्लिप कुणाची, हक्क कुणाचे, असले प्रश्न सज्जन माणूस विचारत नाही.

कपडेपट. आपल्या गावात युनिफॉर्म शिवायचा एवढा मोठा धंदा आहे, देशभरातल्या शाळांची पोरं सोलापूरचे शर्ट घालतात, तेव्हा ऐनवेळी जाऊन "दीडशे लाल डगले उद्या पाहिजेत" म्हणायला काहीच हरकत नाही. कारागीर मान हलवेल, विचारेल "कुठल्या बँडचं?" आणि तुम्हाला लग्नाच्या बँडचे लाल कोट मिळतील, खांद्यावर सोनेरी झालर, पाठीवर फोन नंबर. ईस्ट इंडिया कंपनीची फौज वरातीला निघाल्यागत दिसेल. दिसू द्या. रात्रभर मशिनवर बसून हे कोट कोणी कमी-जास्त केले, एका कोटाला किती मिळाले, गळ्याचं माप बदलताना शिवणाऱ्या बाईनं काय टोमणा मारला, हे सगळं तुमच्या विषयाच्या बाहेरचं. तुमचा विषय शौर्य आहे.

आता तांत्रिक बाजू, आणि इथं लक्ष द्या. खेळणारे लोक त्या बंदुकीला मार्कर म्हणतात. तुम्ही अख्ख्या फिल्मभर गनच म्हणा, तेवढीच ते लोक नंतर कमेंटमध्ये भांडतील आणि व्ह्यूज वाढतील. गोळी जिलेटिनची असते, आत पाण्यात विरघळणारा रंग, सुटताना वेग सेकंदाला साधारण ३०० फुटापर्यंत ठेवतात, म्हणजे तासाला ३३० किलोमीटर. क्रोनोग्राफ नावाच्या यंत्रावर तो वेग मोजून घेतात. सकाळी सातला मोजला की दिवसभर पुन्हा मोजायचा नाही असा आपल्याकडं नियम करा, कारण दुपारी ४३ डिग्रीत गोळी ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढतो, वेग पण वाढतो, आणि उन्हात ठेवलेल्या गोळ्या फुगून मऊ पडून नळीतच फुटतात, म्हणजे एकाला जोरात लागेल आणि दुसऱ्याचं मार्कर त्याच्यावरच थुंकेल. व्हिज्युअली भारी आहे. जिलेटिन कशापासून करतात असं शाकाहारी मंडळी विचारतील, तेव्हा फोन आल्यासारखं करून बाजूला व्हा. आणि मैदानावर सांडलेल्या गोळ्या तशाच सोडून या, गोडसर असतात, माळावरची कुत्री खातात आणि बेक्कार आजारी पडतात, पण ते तुम्ही गेल्यावर.

खरी पंचाईत तोंडाची. पेंटबॉलमध्ये मैदानात मास्क काढायचा नसतो, कधीच नाही, डोळा जातो. म्हणजे तुमच्या डॉक्युमेंटरीत दोनतीनशे माणसं आणि चेहरा एकाचाही नाही. कोण मरालाय, कोण मारालाय, कोण रागावला, कोणाला रडू आलं, काय कळणार नाही, काळ्या काचा इकडून तिकडं पळताना दिसणार फक्त, त्या पण घामानं आतून धुरकटलेल्या. जाणकार लोक यावर उपाय सांगतात की मैदानाच्या बाहेर जिथं बाद झालेले खेळाडू येऊन मास्क काढून बसतात तिथं कॅमेरा लावा, कारण पाण्याची बाटली अंगावर ओतत पोरगं जे सांगतं ते मैदानात घडतच नाही. पहिल्याच मिनिटाला बाद झालेला असतो एखादा, पंढरपूरहून एस्टीनं आलेला, आख्खा पगार भाड्याच्या मार्करवर घातलेला. एखादा सांगतो की मला गोळी लागली होती पण मी पुसून परत खेळलो, कोणाला सांगू नका. असल्या ठिकाणी तुम्ही जायचं नाही. सावली असते तिथं, लोक निवांत असतात, बोलतात. तुम्ही रणांगणातच थांबा आणि मास्कवाल्यांचे क्लोजअप घ्या.

हो आणि तुम्ही पण मास्क घाला बरं का, लेन्सला पण काचेचा फिल्टर लावा. नाही लावला तर पहिली गोळी लेन्सवरच बसेल आणि मग तो लाल डाग पुसायच्या ऐवजी "आम्ही मुद्दाम ठेवलाय" म्हणावं लागेल.

ड्रोन. ड्रोनशिवाय डॉक्युमेंटरी म्हणजे शेंगा चटणीशिवाय कडक भाकरी असं म्हणणारच होतो, पण जाऊ द्या. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, नियमातलं एवढं अर्धं वाक्य वाचा आणि पुढचं वाचू नका, कारण पुढं विमानतळाच्या आसपासचा नकाशा लाल-पिवळा रंगवलेला आहे आणि होटगी रोड तुमच्या माळापासून लांब नाही. ज्या विमानतळासाठी २०२३ साली साखर कारखान्याची आख्खी चिमणी पाडली तिथं तुमचं ते भिरभिरं कोण विचारतंय असं वाटत असेल तर उडवाच. वरून बघितलं की २५० पोरं ४० दिसतात ही गोष्ट वेगळी.

पोलिसांना आधी अर्ज देणं कमीपणाचं वाटत असेल तर देऊ नका. जाणारा येणारा कोणीतरी बघेल की माळावर बंदुका घेऊन पोरं लपलीत, ११२ ला फोन लावेल, गाडी येईल. फुकटात एन्ट्री सीन.

आणि रंग. पाण्यानं धुतला की जातो असं खोक्यावर लिहिलेलं असतं आणि ते खरंय, पण ज्यानं लिहिलं तो सोलापुरात राहत नाही. इथं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, आणि लढाई नेमकी पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. दोनशे पोरं लाल-पिवळी होऊन घरी जाणार, आणि तीन दिवस ते कपडे दोरीवर तसेच. त्या दोनशे घरांत त्या संध्याकाळी जी लढाई होते तिच्यावर कोणी डॉक्युमेंटरी काढत नाही, बघा म्हणजे. आया काय काय बोलतात ते रेकॉर्ड केलं असतं तर सेन्सॉरनं पास केलं नसतं हा भाग आहेच.

पैसे संपले की एखाद्या भाऊंकडं जायचं. भाऊ देतात, नाही असं नाही. भाऊंची मुलाखत घ्यावी लागते. ती बारा मिनिटं चालते, त्यात पेंटबॉल हा शब्द एकदा येतो, "पेंटींगबॉल" असा, आणि मुलाखत कापायची नाही ही अट असते. शिवाय सत्कार, शाल नाही तर चादर. चादर मिळाली तर घ्या, खरंच सांगतो, ती डोक्यावरून घेऊन आत मोबाईल धरून व्हॉइसओव्हर रेकॉर्ड केला तर स्टुडिओच्या तोंडात मारेल असा आवाज येतो, खोलीचा घुमारा सगळा गिळते. मे महिन्यात त्या चादरीखाली दम लागून जो आवाज निघतो त्याला लोक भावुक आवाज म्हणतात.

एडिटिंगचं काय फार सांगायचं नाही. 4के मध्ये तासाला ४५ जीबी या हिशोबानं दहा मित्रांच्या दहा कॅमेऱ्यांचं फुटेज येईल, एक सेकंदाला २४ फ्रेमवर, एक ३० वर, एकाच्या घड्याळात अजून २०१५ सालच चालू, आणि डोक्यावर कॅमेरा बांधलेल्या पोराच्या फुटेजमध्ये तीन तास त्याचे स्वतःचे बूट. सुरुवातीला सगळ्यांनी एकदा टाळी वाजवली असती तर आवाज जुळवता आला असता, पण टाळी वाजवायची कल्पना तुमची नव्हती म्हणून ती वाजली नाही. आवाजाचं टेन्शन घेऊ नका, मार्करचा आवाज तसाही फुसका, फट् फट् असा, त्यावर तोफा चढवा.

निकालाचं काय ते विचारताय? खेळ आहे, त्यामुळं पानश्यांची बाजू जिंकू शकते. जिंकलीच समजा, पोरं नाचालीत, मन्रो झालेला मेडिकल दुकानवाला हात वर करून बाहेर आलाय. तुमचा व्हॉइसओव्हर मात्र आधीच रेकॉर्ड झालेला, "आणि सोलापूर पडलं..." असा. बदलू नका. परत चादरीखाली कोण जाणार.

फेस्टिव्हलला सगळीकडं पाठवा, फी भरत राहा. मुंबईचा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, तिथं नाही घेतलं तर ज्या फेस्टिव्हलचं ऑफिस कुठल्या देशात आहे तेच कळत नाही तिथं घेतात. पोस्टरवर फेस्टिव्हलनं घेतलं की मिळणाऱ्या त्या पानांच्या डहाळ्या लावायच्या, इतक्या की टायटल झाकलं पाहिजे. गावातल्या स्क्रीनिंगला भाऊ पहिल्या रांगेत, बारा मिनिटं झाली की उठून जातात, त्यांच्यामागं दोन रांगा. लाल डगलेवाला पोरगा मागं उभा असतो, स्वतःला शोधत. मास्कमुळं सापडत नाही. "मी कुठल्या सीनला आहे ओ?" असं विचारायला येईल, त्याला सांगा की सगळीकडंच आहेस.

आणि लगेच त्याच स्टेजवरून भाग दोन जाहीर करून टाका, पहिला भाग धड एक्सपोर्ट झालेला नसला तरी. विषय तयारच आहे, १५६५ ची ताळीकोटची लढाई. चांदबिबीच्या लग्नात निजामशहानं सोलापूरचा किल्ला आदिलशहाला आंदण दिला, सोयरीक झाली, मग दख्खनचे सुलतान एकत्र येऊन विजयनगरवर गेले, म्हणजे आपल्या गावाचा संबंध लागतोच. लग्नाचा सीन आहे म्हटल्यावर बँडचे कोट पण परत वापरता येतील, फक्त पाठीवरचा फोन नंबर या वेळी झाकायला सांगा. भाऊ आदिलशहा व्हायला तयार आहेत, तसं त्यांच्या माणसानं कळवलंय, घोडा मात्र शांत पाहिजे म्हणाले.