अमावस्येचा हट्ट कशासाठी

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आकाशदर्शनाचं विभागीय संमेलन १२-१३ डिसेंबर २०२६ ला ठेवून आम्ही मुंबईकरांनी आपल्यापुरती सोय पाहिली. नाताळच्या सुट्टीत घेतलं असतं तर रत्नागिरीहून शाळेतली आठ-दहा मुलं घेऊन येता आलं असतं. आणि मुंबईच्या उजेडात अमावस्या काय नि पौर्णिमा काय, असं तुम्ही लिहिलंत.

सुट्टीचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण यंदा २४ डिसेंबरला पौर्णिमा आहे. २५ ते २७ या तिन्ही रात्री चंद्र लवकर उगवतो आणि उजाडेपर्यंत डोक्यावर राहतो. ही चूक आम्ही एकदा केलेली आहे. सभागृह त्याच शनिवारी मोकळं होतं म्हणून पौर्णिमेच्या तोंडावर वांगणीला गेलो होतो. सातवीतला एक मुलगा पालथ्या बादलीवर उभा राहून दुर्बिणीला डोळा लावून होता. देवयानी दीर्घिका बरोबर मध्यावर धरलेली. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "काका, नुसतं राखाडी दिसतंय." तो डोंबिवलीहून आला होता, तरी मला इतकं वाईट वाटलं. तुमची मुलं रात्रभर प्रवास करून येणार, त्यांनाही तेच दाखवायचं का?

आणि रात्रीचा कार्यक्रम मुंबईत नाहीच. दुपारची व्याख्यानं दादरला, मग लोकलने बदलापूरच्या पुढे वांगणी. तिथेही वायव्येला बदलापूरचा उजेड चढलेला असतो. म्हणूनच वर चंद्राची भर नको.

आता अमावस्येजवळचे शनिवार-रविवार किती उरतात पाहा. १० ऑक्टोबरला सर्वपित्री, शनिवारच आहे, पण पाऊस मुंबईतून साधारण तेव्हाच माघारी जातो, ढगांचा भरवसा नाही. पुढची अमावस्या दिवाळीची. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला. त्या दिवशी घर सोडून कोण येणार? नंतरची ९ डिसेंबरला, बुधवारी. तिच्या आधीचा रविवार ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. आमचे काही कार्यकर्ते त्या दिवशी चैत्यभूमीवर पाणीवाटपाला असतात. त्यांना वगळून संमेलन करायचं नाही, यावर बैठकीत चर्चासुद्धा करावी लागली नाही. राहिले १२-१३. शनिवारी चंद्रकोर नऊच्या सुमारास मावळते, पुढची सगळी रात्र काळोखी. मिथुन उल्कावर्षावाचा भर १४ तारखेच्या आसपास असतो, म्हणजे शनिवारची रात्र जरा अलीकडची. तरी मध्यरात्रीनंतर मिथुन रास माथ्यावर आली की मुलांना सतरंजीवर आडवं पडून उल्का मोजता येतील, दुर्बिणीची रांगही लागणार नाही. जानेवारीतली ९-१० तारीखही चांगली होती. उल्कांमुळेच पारडं डिसेंबरकडे झुकलं.

नाताळात आणखी एक अडचण तुम्हालाच झाली असती. गोव्याच्या गर्दीने कोकण रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, दहा मुलांची एकत्र तर नाहीच.

तुमचा राग जिथे रास्त आहे तेही सांगतो. तारीख ठरवताना कोकणातल्या एकाही शाळेला विचारलं नाही. शनिवारची सकाळची शाळा आमच्या लक्षातच आली नाही. ती चूक आमची आहे आणि पुढच्या वर्षीच्या तारखेच्या बैठकीला तुम्ही फोनवरून तरी हजर राहावं, अशी विनंती आहे.

यंदा तुम्हाला एका शनिवारची किरकोळ रजा टाकावी लागेल. ११ तारखेच्या रात्रीची कोकणकन्या धरलीत तर पहाटे दादरला उतराल; मुलांच्या आंघोळीची, नाश्त्याची सोय आमच्या सभासदांच्या घरी करतो. रविवारी वांगणीहून पहिल्या लोकलने निघू, म्हणजे मेगाब्लॉकच्या आत दादर गाठता येईल. परतीची कोकणकन्या रविवारी रात्रीची, सोमवारी शाळेआधी मुलं घरी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जायचं १२ ऑक्टोबरला आणि परतीचं १४ ला. मुलांची नावं आणि वयं सप्टेंबरअखेर कळवा, दोन्ही दिवशी सकाळी आठला तिकिटं काढायला मी स्वतः बसतो.